वाटे थोरलीनं पाडायचे

मी विनोदी कादंबऱ्या लिहिते. नवरा-बायको, सासू-सुना, पोरंबाळं, रुसवेफुगवे, हाच माझा माल. त्यामुळं पुण्याकडच्या वाचक बायका भेटल्या की डोळे मोठे करून विचारतात, "तुमच्या घरात किती मज्जा चालत असेल ना हो?" मी मान डोलावते. आमच्या घरात सकाळची मज्जा म्हणजे बोअरची मोटर कुणी चालू करायची यावरून सासऱ्यांची आणि नवऱ्याची बोलाचाली. संध्याकाळची मज्जा म्हणजे तीच मोटर बंद कुणी करायची यावरून. पण हे खरं सांगितलं तर माझं पुस्तक कोण घेणार?

घर आमचं कामथडीत. सासूला मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडं तशीच रीत आहे. ते दोघं, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि त्यांची बायको, आमचा एक मुलगा, त्यांची एक मुलगी. नवरा वरव्याजवळ एका वर्कशॉपात कामाला, दीर कंपनीत पाळीनं जातात. रान मामा बघतात, म्हणजे मामा बांधावर उभे राहून बघतात आणि बाकीचे करतात. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक.

आणि त्या स्वयंपाकघरात माझी जाऊ.

पुस्तकावर नाव माझं असतं, पण ते लिहून होतं ते तिच्यामुळं. भोरच्या पुढच्या डोंगरातली ही पोरगी, माझ्याहून वयानं बरीच लहान. घरात आली तेव्हा दोन दिवस तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी आमटीला फोडणी देत होते, तिनं माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि म्हणाली, "ताई, तुमी लिवा जावा." तेवढ्यावर आमची दोस्ती झाली. मला चहा येतो, नारळ फोडता येतो, आणि पाहुणे असतील तर पापड भाजते. बाकी सगळं ती. मी तिथंच धान्याच्या कोठीला टेकून बसायचे, लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवायचे. विळीवर चाललेला तिचा हात थांबला की समजायचं, जमलं. हात थांबून ती पदर तोंडाला लावून हलायला लागली की समजायचं, फारच जमलं. दुसरी परीक्षा मला माहीत नाही.

आई होण्यावर मी एक कादंबरी लिहिली. त्या पूर्ण काळात माझं पोरगं हिच्या कडेवर होतं. पुस्तकाच्या मागं प्रकाशकानं 'एका आईच्या अनुभवांतून' असं छापलं. ते वाचून दाखवलं तेव्हा ती एवढी हसली की पोरगं कडेवरून घसरायला लागलं.

तर ही घरात नसती तर माझं लिहिणं बंद, धड जेवण बंद, आणि दिवसातलं निम्मं बोलणं बंद. हे मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो एकदा म्हणाला, "मी आठवडाभर नसलो तर तुला कळत नाही, ती माहेरी गेली की तू दारात उभी राहतेस." मी त्याला म्हटलं, खोटं काय त्यात?

तिसरी कादंबरी मी दोन जावांवर लिहिली. त्या वेगळ्या होतात, चूल वेगळी करतात, एवढंच कथानक. आमच्याकडं वाटणीची एक रीत आहे. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्यानं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही, केली तर त्याच्याच अंगलट येते. माझ्या पुस्तकातली थोरली तरीही करते. चांगली भांडी सगळी एका ढिगात घालते आणि त्यावर फाटकी वाकळ पांघरून ठेवते, म्हणजे धाकटी तो ढीग उचलणारच नाही. धाकटी येते, वाकळ बघते आणि म्हणते, "मला वाकळ लई आवडली." पुढं मिक्सरवरून भांडण होतं. मोटर एकीला, भांडं दुसरीला. दोघी रोज चटणीच्या वेळी अंगणात समोरासमोर येऊन उभ्या राहतात, कुणी माघार घेत नाही, आणि घरातले पुरुष महिनाभर कोरडी भाकरी गिळतात.

मिक्सरच्या प्रकरणाला जाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वाकळीला हसली. सासू कुणी सांभाळायची या वाटणीला तर विळी बाजूला ठेवून जमिनीवर हात आपटला तिनं.

एकच प्रकरण पडलं. धाकटीचा पडवीतल्या नव्या चुलीवरचा पहिला दिवस. ती एकटी स्वतःसाठी पुरणपोळ्या करते, कटाची आमटी करते, भजी तळते, एकटीच खात सुटते, आणि शेवटी हालता येईना म्हणून तिथंच आडवी होते. मला वाटलं, इथं जाऊ लोळणार. ती मेथी निवडत राहिली. काडी इकडं, पान तिकडं.

"कसं वाटलं गं?"

"चांगलंय."

चांगलंय! विनोदाला चांगलंय म्हणणं म्हणजे नवरीला बघून 'अंगानं निरोगी आहे' म्हणण्यासारखं. मी चिडले. पुन्हा लिहिलं. त्यात एक मांजर घातलं, जे धाकटीच्या ताटाभोवती फिरतं.

"मांजर बी चांगलंय," ती म्हणाली.

मी मांजर काढून टाकलं आणि प्रकरण होतं तसं ठेवून दिलं. पुस्तक निघालं. भोरला वाचनालयात गेलं, कुणाच्या तरी पिशवीतून वेल्ह्याला पोहोचलं. वेल्हे माझं माहेर. तिथं माझी पुस्तकं सहसा कुणी वाचत नाही, आपल्या गावच्या पोरीनं लिहिलेलं काय वाचायचं. पण हे कुणीतरी वाचलं. बाजारात आईला एक बाई भेटली आणि गळ्यात हात टाकून म्हणाली, "लई वाईट झालं बाई. पुस्तकात सगळं आलंय. घर फुटलं म्हणं तुमच्या लेकीचं."

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. आण्णांनी सगळी हयात कचेरीत शिपाई म्हणून काढली. त्यांच्या लेखी जग दोन प्रकारचं. कागदावर आलेलं आणि कागदावर न आलेलं. माणूस समोर उभा राहून बोंबलत असला तरी कागदावर नसेल तर त्याला अर्थ नाही, आणि कागदावर आलं, वर नाव आलं, की ते झालं. आईनं बाजारातून येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "छापील हाय?" आई म्हणाली, व्हय. आण्णा उठले आणि पायात वहाणा घातल्या.

रविवारची सकाळ होती. मी केसांना तेल लावून ओट्यावर बसले होते. जीप थांबली आणि आण्णा उतरले, मागून माझे चुलते, तात्या. दोघांच्या डोक्यावर टोपी, चेहरे असे की आत्या लगबगीनं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोन गेलं वं?"

"कोन गेलं न्हाई," आण्णा म्हणाले आणि खांबाला टेकून बसले.

जावेनं पाणी दिलं. तिला बघून तात्यांनी अशी मान हलवली, जशी दवाखान्यात पेशंटला बघून हलवतात. पाचेक मिनिटांत दुसरी गाडी आली. त्यात जावेचे वडील आणि भाऊ. आण्णांनी त्यांनाही फोन करून बोलावून घेतलं होतं, दोन्हीकडची माणसं हवीत म्हणून. मग भावकीतले दोन म्हातारे काठी टेकत आले. त्यांना कुणी बोलावलं होतं ते अजून कळलेलं नाही. आमच्याकडं अशा कामाला माणसं आपोआप येतात.

सगळे बसले. चहा झाला. पावसाचं झालं, भाताचं झालं, हायवेच्या कामाचं झालं. कुणी मुद्द्यावर येईना. मामा बिचारे एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. शेवटी त्यांना वाटलं, नातीला स्थळ आलंय. नात चौथीत.

"कवा ठरलं?" आण्णांनी मला विचारलं.

"काय?"

"येगळं व्हायाचं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "आण्णा, आवो ती कादंबरी हाय! खोटं असतंय त्यात समदं!"

"खोटं हाय तर छापलं कशाला?"

इतक्या मुलाखती दिल्या मी, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"वर नाव तुजंच हाय का न्हाई?" आण्णा म्हणाले.

"हाय."

"मंग?"

तात्या जरा पुढं सरकले. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण जीपमध्ये येताना कुणाकडून तरी सगळं ऐकलं होतं. "मिक्सरचं बी खोटं?"

"मिक्सरचं बी खोटं, तात्या!"

तात्या उठले. सरळ स्वयंपाकघरात गेले. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. तात्या बाहेर आले आणि म्हणाले, "मिक्सर अख्खा हाय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जावेचे वडील हसले, मामा हसले, मामांना काय चाललंय ते अजून नीट कळलं नव्हतं तरी हसले. आत्या तेवढ्या तापल्या. "माजं घर फुटलं आन मलाच ठावं न्हाई व्हय?" आण्णा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मी मनात म्हणाले, पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण झालं. खोटं कशाला बोलू, मनात वाक्यंसुद्धा जुळायला लागली होती.

पण भावकीतल्या थोरल्या म्हाताऱ्याला एवढ्या लांब काठी टेकत आल्यावर नुसतं चहावर उठणं पटेना. ते म्हणाले, "आता आलोच हाय तर दोनी सुनांच्या तोंडून ऐकू द्या. म्हंजे बाहीर कुनी इचारलं तर सांगाया बरं. बोल गं थोरले, येगळं व्हायचंय?"

"आजिबात न्हाई," मी म्हटलं.

"धाकटे, तू?"

जाऊ दारात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला. पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली. "मला येगळी चूल पायजे."

दीर तिच्याकडं असे बघायला लागले, जसं काही ती इंग्रजी बोलली. तिच्या वडिलांनी मान खाली घातली. ती मात्र थांबली नाही. एकदा सुरू झाल्यावर अगदी नीट, न अडखळता बोलली. "भांडान न्हाई कुनाशी. आत्यांचं काय न्हाई, ताईंचं काय न्हाई. रानात वाटणी नको, घरात भिताड नको. निस्ती चूल येगळी. मागच्या पडवीत भागंल माजं."

मला राग आला. असा तसा नाही, कानशिलं तापली. सगळ्या माणसांत? माझ्या माहेरच्यांसमोर? आत्ताच मी ओरडून सांगितलं होतं की आमच्यात तसलं काही नाही, आणि ही म्हणते व्हय! मी उठले, तिचा दंड धरला आणि तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"अगं ते पुस्तक विनोदी आहे!"

"मला न्हाई वाटलं इनोदी. म्हंजे, ते पडवीतलं."

"मग तेव्हा बोलायचं होतं."

"तुमी इचारलं, कसं वाटलं. मी म्हनलं, चांगलंय." तिनं माझ्याकडं बघितलं. "मला ते लई चांगलं वाटलं, ताई. त्यापायीच हसाया आलं न्हाई."

हजार गोष्टी बोलायला हव्या होत्या. घरात तुला काय कमी आहे, कुणी काय म्हणालं, भाऊजी काही बोलले का. माझ्या तोंडातून निघालं ते असं, "मग माझं काय?"

ती हसली. "कुकर लावाया शिकवते की तुमाला."

बाहेर बैठकीनं हळूहळू मान डोलावली. चूल वेगळी म्हणजे काही घर फुटणं नाही, रान एक आहे, दार एक आहे, असं दोन्ही म्हाताऱ्यांनी ठरवलं. आण्णांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघितलं. कागद खोटं बोलत नाही म्हणून. मग नेहमीचा प्रश्न आला, म्हातारा-म्हातारी कुणाकडं? पुस्तकात मी याच्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलंय, दोन्ही जावा सासूला एकमेकींकडं ढकलतात. इथं आत्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "मी कुनाकडं न्हाई. माजं ताट माज्या हातात. जिकडनं वास बरा यील तिकडं जाईन." मामांनी हळूच हात वर करून सांगितलं की तेही तसंच करतील.

भांडी लगेच अंगणात काढली. रीत म्हणजे रीत. थोरलीनं वाटे पाडायचे. मी मधोमध उभी राहिले आणि लक्षात आलं की यातलं कुठलं पातेलं गळतं, कुठल्या कढईला खाली लागतं, कुठल्या डब्याचं झाकण बसत नाही, मला काहीच माहीत नाही. लबाडी करायची म्हटली तरी करता आली नसती. शेवटी जाऊच पुढं आली आणि बोट दाखवून सांगायला लागली, "त्ये नगा ठिऊ तुमच्यात, त्येचा कान हालतोय. ह्यो तवा ठेवा, भाकरी चिकटत न्हाई." तात्या म्हणाले, आरं ही तर धाकटीच वाटे पाडतीय, आसं चालत न्हाई. आत्या म्हणाल्या, गप बसा.

दोन ढीग झाले. एकात मोठी पातेली, पितळी घागर, मोठा कुकर, पाहुण्यारावळ्यांचं सगळं. दुसऱ्यात लहानसहान. तिनं लहान ढीग उचलला. तिच्या वडिलांना ते आवडलं नाही, ते म्हणाले, "आगं, मोठं घे, कामाला येतंय."

"कुनाच्या कामाला?" ती म्हणाली.

दिरांनी पडवीतली खताची पोती आणि मोडकी सायकल हलवली, कडाप्प्याचा ओटा घातला, शेगडी आणली. नवी चूल लागली त्या दिवशी तिनं दूध उतू घातलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी गेले, पोटभर जेवले, आणि तिच्याशी बोलले नाही. चांगले पाच-सहा दिवस बोलले नाही. भाजी काय केलीस एवढंच, तेही तिच्या मुलीमार्फत.

इकडं माझ्या मोठ्या स्वयंपाकघरात माझी परीक्षा चालू. माझ्या भाताला मुलगा 'इडली' म्हणाला. मामा आमटीत हळूच पाणी घालून घेत, आणि मी बघितलं की म्हणत, "मला जरा पातळच आवडती." नवरा काही म्हणत नसे. तो रात्री उशिरा येऊन थेट झोपायला लागला, मला वाटलं काम वाढलंय. नंतर कळलं, नसरापूरच्या चौकात वडापाव खाऊन येत होता. लॅपटॉप कोठीवर धूळ खात पडला. नवी कादंबरी प्रकाशकाला हवी होती आणि मी गॅससमोर उभी राहून भाकरीच्या कडा का फाटतात याचा विचार करत होते.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. आधी आत्या ताट घेऊन पडवीत गेल्या. त्यांनी ते आधीच जाहीर केलेलं होतं, त्यामुळं तक्रार नाही. त्यांच्या मागून मामा. मग माझा मुलगा, चुलत बहिणीबरोबर अभ्यास करायच्या निमित्तानं. मग नवरा, भावाशी जरा बोलायचंय म्हणून. एक दिवस मी माझी वांग्याची भाजी बघितली, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मीही ताट उचललं. राग गिळला. तशी ती भाजी गिळण्यापेक्षा राग सोपा होता.

महिनाभरात पुन्हा सगळे एकत्र जेवायला लागलो, फक्त जागा बदलली. दाटीवाटीनं, गुडघ्याला गुडघा लावून, त्या एवढ्याशा पडवीत. माझा मोठा कुकरसुद्धा हळूच तिकडं गेला. मोठी परातही गेली. मी परत मजकूर वाचून दाखवायला लागले. आमचं जमलं. मला वाटलं, चला, मिटलं. चुलीचं एक खूळ होतं, होऊन गेलं. मी तर भलतीच खूश होते, रोज नवं पान लिहून होत होतं.

मग एक दिवस सगळे भोरला गेले. नात्यातल्या एका पोराचं लग्न, आदल्या दिवशीची हळद. दीर गाडी घेऊन, मामा-आत्या मागं, माझा नवरा आणि दोन्ही पोरं बाईकवर. मला पानं संपवायची होती म्हणून मी राहिले. जाऊ म्हणाली, डोकं दुखतंय, मी पण राहते. मला मनातून आनंद झाला. पुरुष माणसं नसली की आमच्या दोघींचं जेवण म्हणजे चंगळ असते. ताट नाही, वाढणं नाही, पातेल्यातच बोटं घालून खायचं आणि गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची.

दिवस मावळला. पडवीतून धुराचा वास आला, तिनं आज शेगडी नाही तर मागची मातीची चूल पेटवली होती. मी दोन पानं काढली वाचायला, ताट घेतलं, दाराशी गेले.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं. ती चुलीपुढं बसली होती, परातीत पीठ. मला बघून उठली आणि दाराशी आली. ओल्या हातानं दार धरलं, पूर्ण उघडलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "आज न्हाई."

"काय आज न्हाई?"

"आज मी येकटी जेवनार हाय."

मला वाटलं, थट्टा करते. मी हसले. ती हसली नाही. चिडलेलीही नव्हती. तिनं मला कडक डोळ्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ती नुसती उभी राहिली, मी जाईपर्यंत. मी गेल्यावर दार लागलं, अगदी हळू.

मी माझ्या स्वयंपाकघरात आले. ताट ओट्यावर ठेवलं. मला रडू आलं. हो, एवढ्यातेवढ्यावर, एका जेवणावरून, एका मुलाच्या आईला, घरातल्या थोरल्या सुनेला रडू आलं. कुणाला सांगितलं तर हसतील. पुस्तकातल्या थोरलीनं अशा वेळी एखादा झणझणीत टोमणा मारला असता, मला एकही सुचला नाही. सकाळचा भात होता, तो दह्यात कालवून खाल्ला. भिंतीपलीकडून काही आवाज येतो का बघत होते. थापल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग पुन्हा थापल्याचा. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. ही करते काय, मला कळेना. एवढा वेळ लागतो का एका बाईच्या भाकऱ्यांना?

घर दोन चुलींचं असलं तरी नळ एकच आहे, मागच्या अंगणात. मी माझं पातेलं घेऊन गेले तेव्हा ती तिथं आधीच बसली होती, एक ताट, एक वाटी आणि तवा घेऊन. तिचा चेहरा चुलीच्या उष्णतेनं लाल झाला होता. मी शेजारी बसले आणि घासायला लागले. रुसलेच होते मी.

तिनंच बोलायला सुरुवात केली.

"येक थापायची, तव्यावर टाकायची, फुगली का उतरवायची आन खायची. मग दुसरी थापायची." ती तव्यावर राख चोळत होती. "संगट निस्तं मीठ-तेल आन लसनीची चटनी. तीन खाल्ल्या, ताई. तव्यावरनं उतरलेली गरम भाकरी, लगीन झाल्यापासनं पयल्यांदा खाल्ली."

मी घासायची थांबले.

ती उठली, ताट पालथं घातलं, आणि हात पुसत म्हणाली, "उद्या या जेवाया. उद्या करते समद्यांचं."

"उद्या मी करते," मी म्हटलं. "तू ये. आणि आधी बस."